सात मिनिटांचा हिशेब



नोव्हेंबर 2023 मध्ये एक बातमी देशभर छापून आली. इंडिगो विमान कंपनीची पालक कंपनी इंटरग्लोब आणि अमेरिकेची आर्चर कंपनी यांनी मिळून जाहीर केले, की 2026 साली दिल्लीत विजेवर उडणाऱ्या टॅक्सी आणू. कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम जायला मोटारीला तास-दीड तास लागतो, आमचे यंत्र सात मिनिटांत पोचवील. पुढे मुंबई आणि बंगळूरलाही हेच करू. तिन्ही शहरांसाठी मिळून 200 यंत्रे आणू.

बातमी वाचली आणि आम्हाला एक गोष्ट लगेच खटकली. तुलना मोटारीशी केली आहे. त्याच कॅनॉट प्लेसच्या पोटातून मेट्रो धावते. राजीव चौक हे तिथले स्टेशन. तिची पिवळी लाईन जून 2010 मध्ये गुरुग्रामला पोचली. राजीव चौकात गाडीत बसलेला माणूस सुमारे पन्नास मिनिटांत गुरुग्रामच्या शेवटच्या स्टेशनावर उतरतो. ऑगस्ट 2025 मध्ये भाडे वाढले, तरी विमानतळाची लाईन सोडली तर दिल्ली मेट्रोचे लांबात लांबचे तिकीट 64 रुपये आहे. मग सात मिनिटांशेजारी हे पन्नास मिनिटांचे आणि 64 रुपयांचे नाव का नाही? बैलबाजारातला दलाल शेजारच्या लंगड्या बैलाकडे बोट दाखवून आपला बैल विकतो. चांगला बैल समोर बांधलेला असेल तर गिऱ्हाइकाला तिकडे पाहू देत नाही. ही रीत आम्हाला नवी नाही.

तर आता हिशेब आपणच मांडू.

पहिला हिशेब वेळेचा. सात मिनिटे ही हवेतली. घरातून उडण्याच्या तळापर्यंत जायचे, तपासणी करून घ्यायची, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. पलीकडे उतरल्यावर पुन्हा मोटार धरायची आणि त्याच तुंबलेल्या रस्त्यावर यायचे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुके पडले की मोठमोठी विमाने अडकून पडतात. मग या टोळांची काय कथा? भुयारातल्या मेट्रोला धुके आडवे येत नाही.

दुसरा हिशेब माणसांचा. या यंत्रात चालक सोडून चार माणसे बसतात. 200 यंत्रे एकाच वेळी आकाशात गेली तरी माणसे झाली 800. पिवळ्या लाईनीवरची आठ डब्यांची एक गाडी दोन हजारांवर माणसे नेते, आणि गर्दीच्या वेळी दर थोड्या मिनिटांनी पुढची गाडी येते. म्हणजे तीन शहरांचा सगळा ताफा एका गाडीच्या निम्मेही काम करीत नाही. याने म्हणे रस्ते मोकळे होणार!

तिसरा हिशेब ताकदीचा. भरलेली बैलगाडी एक जोडी सपाट रस्त्याने कोसभर सहज ओढते. तोच माल उचलून हवेत धरायचा म्हटले तर अख्खा गाव लागेल. लोखंडी रुळावर लोखंडी चाक अगदी थोड्या जोरावर फिरते. सरळ वर उडणाऱ्या यंत्राला आधी आपले आणि आपल्या बॅटरीचे ओझे उचलावे लागते, मग माणसांचे. म्हणून ही वाट महागच राहणार.

चौथा हिशेब पैशाचा. एका फेरीला दोन ते तीन हजार रुपये पडतील, असे कंपनीकडूनच 2024 मध्ये सांगितल्याचे छापून आले. जाऊन येऊन चार ते सहा हजार झाले. 2025-26 हंगामासाठी संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला 3,699 रुपये आहे, आणि तीही किती जणांच्या हाती पडते ते तुम्ही जाणता. एका माणसाची एका दिवसाची ये-जा एका क्विंटल ज्वारीहून महाग.

हा खेळ जगात पूर्वीही झाला आहे. न्यूयॉर्कला पॅन अ‍ॅम इमारतीच्या गच्चीवरून हेलिकॉप्टर विमानतळाला जात असे. ती इमारत ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनाला लागूनच उभी आहे. 16 मे 1977 रोजी गच्चीवर उभ्या हेलिकॉप्टरचा पाय मोडला. पात्याने गच्चीवर चार माणसे मारली, आणि तुटलेला तुकडा खाली पडून रस्त्याने जाणारी एक बाई मेली. गच्चीवरची सेवा तिथेच संपली. पॅरिसला 2024 च्या ऑलिंपिकमध्ये उतारू नेऊ म्हणणारी जर्मनीची व्होलोकॉप्टर कंपनी एकही उतारू न नेता त्याच वर्षाच्या शेवटी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिस मेट्रोची 14 नंबरची लाईन ओर्ली विमानतळापर्यंत पोचली. ती चालू आहे.

कोणी विचारील, कापूस-ज्वारीवाल्यांना याची उठाठेव कशाला? आम्ही यंत्राचे वैरी नाही, श्रीमंताचेही नाही. ज्याला उडायचे त्याने खुशाल उडावे, स्वतःच्या पैशाने. पण तळाला मोक्याची सरकारी जागा नाममात्र भाड्याने, करात सूट, वर अनुदान, अशी मागणी उद्या झाली तर तो पैसा डिझेल, कापड आणि औषधावर कर भरणाऱ्या आपलाच आहे. मेट्रोलाही सरकारी पैसा लागला, हे आम्ही लपवीत नाही. पण दिल्लीत त्यावर रोज लाखो लोक कामाला जातात. चौघांसाठी तसा खर्च करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणि मुंबईत आपला संबंध थेट आहे. देवगिरी किंवा विदर्भ एक्सप्रेसने सकाळी उतरणारा आपला माणूस, परळच्या रुग्णालयात कर्करोगाचा रोगी घेऊन जाणारा, पुढे लोकलनेच जातो. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलच्या दारातून माणसे रुळांवर पडली आणि मेली. खर्च करायचा तर तिथे करा. गाड्या वाढवा, डब्यांना बंद होणारी दारे लावा, स्टेशनाबाहेर बस उभी ठेवा.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही ठराव ठेवतो. रोगी किंवा रोप्य अवयव नेणारी उड्डाणे सोडून, शहरातल्या शहरात उडणाऱ्या टॅक्सीला सरकारी तिजोरीतून एक पैसा नको आणि सार्वजनिक जमिनीचा एक गुंठा फुकट नको. अशा प्रत्येक योजनेच्या कागदावर रेल्वे, मेट्रो आणि बसचा दर माणशी खर्च शेजारच्या रकान्यात लिहिलेला असावा. तो रकाना भरला की कोणता बैल लंगडा आहे, ते शेंबड्या पोरालाही कळेल.