टाकी भरण्याआधी पाइप पाहा: कॅम्परव्हॅनने निघणाऱ्यांना कळकळीचे आवाहन

दिवाळीच्या सुट्टीत कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात उतरणाऱ्या, ती भाड्याने देणाऱ्या आणि तिला आपल्या अंगणात जागा देणाऱ्या सर्वांस,

सुट्टी तोंडावर आली आहे, म्हणून हे आजच सांगायला हवे. वाटेत पाणी संपते, अंधार पडलेला असतो, मुले तहानलेली असतात. अशा वेळी माणूस दिसेल त्या नळाला दिसेल तो पाइप जोडून गाडीतली पिण्याच्या पाण्याची टाकी भरून घेतो. कृपा करून असे करू नका. कोणत्या नळाचे पाणी घ्यायचे आणि कोणत्या पाइपाने, हे घरून निघण्याआधी ठरवा.

अंगणात पडलेल्या पाइपाने काय काय वाहिले आहे, हे पाहून कळत नाही. त्याने गोठा धुतलेला असेल, कुणीतरी गाडीच्या शौचालयाची टाकी विसळलेली असेल. आंब्याच्या बागेत तो फवारणीच्या पिंपातही बुडालेला असू शकतो. बहुतेक जंतू क्लोरीनने मरतात. कीटकनाशक क्लोरीननेही जात नाही आणि उकळूनही जात नाही. म्हणून फूड ग्रेड पाइप स्वतःचा ठेवा. वापर झाला की तो निथळून, दोन्ही तोंडे बुचांनी बंद करून, शौचालयाच्या सामानापासून दूर ठेवा.

दुसरा धोका आपल्यामुळे गावाला आहे. बहुतेक गावांत नळाला पाणी ठरावीक वेळच येते. टाकी भरता भरता पुरवठा थांबला, तर जलवाहिनीतला दाब उतरतो आणि ती उलटे पाणी ओढू लागते. पाइपाचे तोंड टाकीतल्या पाण्यात बुडालेले असेल, तर ते पाणी गावाच्या वाहिनीत जाते. तेच तोंड मैल्याच्या टाकीत असेल, तर काय होईल हे सांगायला नको. पाइपाचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वरच राहू द्या, नळाला जोडताना मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि शौचालयाची टाकी पिण्याच्या नळावर कधीही धुऊ नका.

पाणी कुठून घ्यावे? गावातल्या माणसांना विचारा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि ओटी चाचणीने क्लोरीन तपासतो. आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. लाल म्हणजे धोका मोठा. तिथले पाणी टाकीत घेऊ नका. पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी गढूळ असेल तर तेही टाळा, कारण गढूळपणात क्लोरीनचा जोर कमी पडतो.

भरताना एवढे पाळा:

१. झाकणावरचे चिन्ह वाचा. काही गाड्यांत पाण्याचे आणि डिझेलचे तोंड जवळजवळ असते. चुकीच्या तोंडात पाणी गेले तर इंजिन सुरू करू नका, मेकॅनिकला बोलवा.

२. नळाचे तोंड पुसा, पहिले पाणी काही वेळ वाहू द्या, मग पाइप जोडा.

३. नळ बेताने सोडा आणि जागचे हलू नका. टाकीची हवेची नळी तुंबलेली असेल तर दाबाने टाकी फुटू शकते. त्या नळीला बारीक जाळी हवीच, नाहीतर डेंग्यूचा डास टाकीत अंडी घालेल.

४. क्लोरीनचे द्रावण टाकल्यास बाटलीवरील प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबा. त्यानंतर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे.

५. घाटात जाताना वजनाचा हिशोब करा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो.

अनेक दिवस उभ्या असलेल्या गाडीतले पाणी ओतून द्या. कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला हा जंतू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसांत शिरतो. प्रवासाआधी टाकी निर्जंतुक करा: फिल्टर काढून ठेवा, १०० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे, सुगंध न मिसळलेले सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर मिसळा, प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा आणि चार तास तसेच ठेवा. मग सगळे काढून, वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने विसळा. हे द्रावण शौचालय साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. काढलेले पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण कॅराव्हॅन पार्कांबाहेर, कुणाच्या अंगणात मुक्काम करणाऱ्यांची काळजी धोरण घेऊ शकत नाही. ती आपल्यालाच घ्यावी लागेल.

व्यावसायिकांनो, प्रत्येक गाडीत वेगळा पाइप आणि व्हॉल्व्ह द्या, टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख झाकणाजवळ लिहा. घरगुती निवास चालवणाऱ्यांनो, पिण्याचा नळ वेगळा ठेवा आणि त्यावर ठळक पाटी लावा. प्रवाशांनो, गाडी ताब्यात घेताना पाइप आणि ती तारीख मागा. दोन्हींपैकी एक जरी नसेल, तर त्या टाकीचे पाणी मुलांना पाजू नका. पिण्यासाठी सीलबंद कॅन घ्या आणि मालकाला याचा जाब विचारा.