हात लावण्याआधी

जुलैत जव्हारला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. दाभोसा, हनुमान पॉइंट, जयविलास राजवाडा असं फिरून, भिजून, गारठून आलेला मुंबई-ठाण्याचा पाहुणा संध्याकाळी हॉटेलवाल्याला विचारतो, ‘इथे मालिश करणारं कुणी मिळेल का हो?’ त्याच आठवड्यात, त्याच पावसात, भाताची आवणी करून कंबर धरलेली एखाद्या पाड्यावरची बाई आपल्याच वाचकांपैकी कुणाच्या तरी दारात येऊन बसते. एक जण खूप बोलतो, दुसरी तोंडातून शब्द काढत नाही. मालिशीने काय होतं, काय होत नाही आणि तिथे आपण वागायचं कसं, हे मात्र दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

ग्राहकांना शिस्त नाही, ही आपल्या व्यवसायातली नेहमीची तक्रार. वेळ पाळत नाहीत, भरल्या पोटी येतात, पिऊन येतात, फोन हातातून सुटत नाही, वर ‘अजून जोरात’ चालूच. तक्रार खोटी नाही. पण तिच्यातला निम्मा दोष आपण आपल्या पदरात घ्यायला हवा. दवाखान्यात कसं वागायचं हे माणूस लहानपणापासून पाहत आलेला असतो. न्हाव्याच्या खुर्चीत मान कुठे टेकायची हेही त्याला ठाऊक असतं. मालिशीचा त्याचा अनुभव म्हणजे दिवाळीच्या पहाटे आईने चोळलेलं तेल, नाहीतर केस कापून झाल्यावरची चंपी. तेवढ्या शिदोरीवर तो आपल्यापुढे येऊन आडवा होतो. त्याला सांगणं हे आपलं काम, आणि ते हात लावण्याआधीच करायचं काम आहे. भिंतीवरची नियमांची पाटी त्यासाठी पुरत नाही. ती वाचतं कोण?

पाहुण्याला सांगायचं ते अवघड नाही. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या, हे सांगताना वाग्भटाचा हवाला खुशाल द्यावा. अष्टांगहृदयात अजीर्ण झालेल्याला, कफाने ग्रासलेल्याला आणि नुकतंच शोधन झालेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. प्यायलेल्या माणसाला दाब कळत नाही, म्हणून आपण किती जोर लावतोय याची खूण आपल्याला मिळत नाही. अशा वेळी ‘उद्या सकाळी या’ म्हणावं. कपड्यांचं तर आधीच, स्पष्ट आणि साध्या आवाजात बोलावं: कुठले काढायचे, कुठले अंगावर राहतील, चादर कायम असेल, ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा असेल. आपण संकोचलो की समोरचा एकतर जास्त संकोचतो किंवा भलता अर्थ काढतो. किती वेळ, किती पैसे, तेल कुठलं, हेही त्याच बोलण्यात उरकावं. खुरासणीचं किंवा मोहाच्या बियांचं तेल इथल्या माणसाला घरचं असतं; शहरातल्या पाहुण्याच्या कातडीला ते सोसेल का, हे हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघावं.

खरा पेच पाड्यावरच्या ग्राहकाचा आहे. तिथे शिस्तीचा प्रश्नच येत नाही. ती वेळेआधी येऊन ओट्यावर बसते, सांगू तशी वळते, उठताना पायाही पडते. आपण विचारतो, ‘मावशी, दुखतंय का?’ ती म्हणते, ‘नाय.’ पुन्हा विचारा, पुन्हा ‘नाय’. पण तिच्या पायाची बोटं पाहा. कमरेवर अंगठा रुतला की ती आत वळतात. श्वास अडतो. चटईची कड मुठीत धरलेली असते. ‘नाय’ म्हणजे ‘होय, चालू ठेवा’ असं समजून आपण पुढे गेलो, तर दुसऱ्या दिवशी ती शेतात उतरू शकत नाही, आणि ते सांगायलाही ती आपल्याकडे परत येत नाही. शहरातल्या माणसाला ‘दहापैकी किती दुखतंय’ विचारता येतं, इथे तो हिशेब लागत नाही. त्यापेक्षा ‘सोसवेना झालं की हाताने चटईवर थाप मारा’ असं सांगून, एकदा खरोखर थाप मारून घ्यावी. सोसणं म्हणजेच चांगलं वागणं असं तिला वाटत असतं. इथे सोसायचं नसतं, हे कुणीतरी मोठ्याने म्हणावं लागतं.

विचारपूसही याच वेळची. ‘काय होतंय’ एवढ्याने भागत नाही. अंग अवघडलंय की ठणकतंय, उसण भरलीय की पायात चमक जाऊन मुंग्या येतात, यावर आपण हात लावायचा की नाही हे ठरतं. ताप आहे का? सूज एकाच पोटरीला आहे का, ती गरम लागते का? तशी असेल तर शिरेत गाठ असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बाळंतिणीत हा धोका जास्त, आणि आपल्याकडे बाळंतिणीच्या पोटऱ्या रगडून काढण्याची रीत तर घरोघर आहे. सिझेरियन झालेलं असेल तर टाके पुरते भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला हात नको. गरोदर बाईचं पोट चोळून बाळ ‘फिरवून’ देण्याची मागणी आली तर साफ नकार. आशाताई बाळंतपणानंतर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येत असते. तिच्याशी आपलं बोलणं असलं की निम्मे प्रश्न आधीच सुटतात. आणि जुन्या सुईणींना या सगळ्यात हिणवू नये. बाईच्या अंगाला हात लावण्याआधी घरातल्या पुरुषांना बाहेर घालवायचं, हा शिष्टाचार त्यांना कुठल्याही प्रमाणपत्राविना येत होता.

जव्हार-मोखाड्यात एक प्रश्न कधीच चुकवू नये: सिकलसेलची तपासणी झालीय का, कार्ड आहे का? वारली, कातकरी, ठाकर या समाजांत हा आजार आहे, आणि केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून चालू आहे, त्यामुळे अनेकांकडे कार्ड असतं. फक्त मालिशीच्या वेळी ते काढून दाखवावं असं कुणाच्या डोक्यात येत नाही. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं असह्य दुखतात. कामाचा शीण, अंगातलं पाणी कमी होणं, पावसातला गारठा, यांनी ही कळ उठते. म्हणजे नेमके आवणीचे दिवस. समोरचा म्हणतो ‘अंग मोडून आलंय, रगडून द्या’. हे दुखणं स्नायूंचं नव्हे. जोर लावून काही साधत नाही, उलट दवाखान्यात जायला उशीर होतो. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर त्याच पावली जव्हारच्या कुटीर रुग्णालयात धाडावं. तरुण मुलगा खुब्याच्या दुखण्याने लंगडत असेल तरी आधी एक्स-रे. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाचं डोकं रक्ताअभावी झिजतं.

मानेचंही तसंच. मध्य वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि मोखाड्यातल्या बाया एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे घेऊन टेकडी चढतात. त्या माना दगडासारख्या झालेल्या असतात. ‘कडकन वाजवून द्या’ ही मागणी या बाया करतात आणि सलूनची सवय लागलेला पाहुणाही करतो. दोघांना उत्तर एकच: नाही. झटका देऊन मान मोडताना मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. मऊ हाताने, खांद्यापासून सुरू करून, दहा-पंधरा मिनिटं काम करावं. आवाज आला नाही म्हणून ग्राहक नाराज होतो. होऊ दे.

आता ज्याबद्दल आपण दबक्या आवाजात बोलतो ते. मालिश म्हटलं की भुवया उंचावणारे लोक आहेत आणि काही ग्राहक तोच अर्थ मनात धरून येतात. हे आजचं नाही, आपल्यापुरतंही नाही. १८९४ साली लंडनमध्ये मालिशगृहांच्या नावाखाली भलतेच धंदे चालत असल्याचं ब्रिटिश मेडिकल जर्नलने उघड केलं, तेव्हा प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिकांची नावंही त्यात भरडली जाऊ लागली. त्यांच्यातल्या चौघींनी त्याच वर्षी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली आणि स्वतःवरच नियम घालून घेतले: डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मालिश नाही, वैद्यकीय पत्रांखेरीज कुठे जाहिरात नाही, रुग्णांना औषधं विकायची नाहीत, आणि डॉक्टरची खास विनंती असल्याखेरीज पुरुषांना सर्वांगाची मालिश नाही. आज ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्टांची जी सनदी संस्था आहे, ती याच रोपट्याची. त्यातले सगळे नियम आज आपल्याला लागू करण्यासारखे नाहीत, जाहिरातीचा तर नाहीच. पण ग्राहक सुधारेल म्हणून त्या थांबून राहिल्या नाहीत, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

म्हणून हॉटेलच्या किंवा होमस्टेच्या खोलीवर जाणाऱ्या आपल्या भगिनींसाठी काही गोष्टी. बोलावणं मालकामार्फतच घ्यावं आणि किती वाजता बाहेर पडणार हे त्याला सांगून आत जावं. दाराला आतून कडी लावू नये. ग्राहकाला एकांत हवा असेल तर पडदा आहे, चादर आहे. बाई ग्राहकासोबत तिच्या घरचं कुणी बसणार असेल तर बसू द्यावं, आपल्यासोबतही कुणी असेल तर त्याची लाज वाटू नये. काम सुरू करण्याआधीच म्हणावं, ‘मला काही खटकलं तर मी थांबेन आणि पैसे पूर्ण घेईन.’ हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहावं. पहिल्यांदा जीभ अडखळते. प्रसंग आलाच तर हुज्जत घालू नये, हात पुसून बाहेर पडावं. शरीरसुखाची मागणी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, पोलिसांत जाता येतं. आणि दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या बाईसाठी, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तारीख, वेळ, खोली, काय बोललं गेलं, हे त्याच रात्री वहीत टिपून ठेवावं. समितीकडे तक्रार लेखी लागते आणि ती साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते.