सोसायटीचा संगणक आणि व्यवस्थापकाची दृष्टि

प्राथमिक कृषि पतसंस्थांपैकीं ६३,००० संस्थांचा कारभार संगणकावर आणण्याची योजना केंद्र सरकारनें २०२२ सालीं मंजूर केली व तीसाठीं २,५१६ कोटि रुपये ठरविले. सर्वत्र एकच हिशेबपद्धति असावी हा तिचा हेतु स्तुत्य आहे. परंतु संगणक आला म्हणजे कारभार सुधारला असें मानणें, हें घरांत पंचांग आलें म्हणजे पाऊस वेळेवर पडेल असें मानण्यासारखेंच होय.

कीर्द-खतावणी जलद लिहिणारा कारकून एवढाच संगणकाचा उपयोग करावयाचा असेल, तर एवढ्या खर्चाची जरुरी नव्हती. व्यवस्थापकाचें खरें काम निर्णय करण्याचें आहे. खत किती व केव्हां मागवावें, वसुलीसाठीं प्रथम कोणाकडे जावें, कोणास मुदतवाढ मिळावी अशी शिफारस करावी, हे ते निर्णय होत. ज्या माहितीनें यांपैकीं एकही निर्णय अधिक चांगला होत नाहीं, ती कितीही सुबक छापलेली असली तरी रद्दीच समजावी.

अमेरिकेंतील व्यवस्थापनशास्त्रज्ञ रसेल ॲकॉफ यांनीं १९६७ सालींच एका निबंधांत हा मुद्दा मांडला होता. व्यवस्थापकास उपयुक्त माहितीच्या तुटवड्यापेक्षां निरुपयोगी माहितीच्या पुराचाच त्रास अधिक होतो, असें त्यांचें म्हणणें. आपल्या कामाचा उलगडा ज्यास झालेला नाहीं, तो सावधगिरी म्हणून सर्वच माहिती मागतो.

थकबाकीच्या यादीचेंच उदाहरण घेऊं. ती रकमेच्या क्रमानें लावली तर मोठे ऋणको वर दिसतात व नोटिसा निघतात. तीच यादी पीक व शिवार यांप्रमाणें लावली, आणि समजा, एकाच ओढ्याकांठचे वीस खातेदार एकाच हंगामांत थकलेले दिसले, तर पीक बुडालें असावें अशी शंका येऊन शहाणा व्यवस्थापक शिवारांत जाऊन पाहील. आंकडे तेच; परंतु प्रश्न निराळा विचारल्यामुळें एका कुटुंबाची पत वांचण्याचा संभव निर्माण झाला.

दुसरी गोष्ट सभासदाची. जुन्या वहींतील चूक संगणकांत शिरली कीं छापील अक्षरांमुळें ती अधिकच खरी भासते. तिला उपाय एकच. व्यवस्थापकास दिसणारा आंकडा सभासदासही दिसला पाहिजे. यंत्रें बसविलेल्या दूध संस्थांत वजन व फॅट यांची छापील चिठ्ठी तेथल्या तेथें उत्पादकाच्या हातीं पडते. पतसंस्थेनेंही प्रत्येक हंगामाच्या शेवटीं खात्याचा उतारा सभासदास द्यावा.

संचालक मंडळानें व्यवस्थापकास दरमहा एकच प्रश्न विचारावा: या महिन्यांत संगणकांतील कोणत्या आंकड्यावरून कोणता निर्णय बदलला? उत्तर मिळत नसेल, तर शेतकरी बंधूंनीं तोच प्रश्न वार्षिक सभेंत उपस्थित करावा. कारण संस्थेचे भाग त्यांचे आहेत, आणि चुकीच्या निर्णयाची झळही अखेर त्यांच्याच जमिनीस लागते.