हाताचा गुण आणि घड्याळ

डॉक्टर पेशंटला किती वेळ देतो, हे 2017 साली 67 देशांतले अभ्यास एकत्र करून मांडलं गेलं: स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद, आपल्याकडे जेमतेम दोन मिनिटं. (48 सेकंदांत आमच्या आत्याचं नुसतं प्रास्ताविक होतं.) म्हणून परदेशात सगळं आलबेल आहे, असं मात्र नाही. लंडनचा भाचा सकाळी आठच्या ठोक्याला जीपीच्या, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फोन लावतो. अर्धा तास सनई ऐकल्यासारखी फोनवरची धून ऐकायची, मग कळतं की आजच्या अपॉइंटमेंट संपल्या. डॉक्टरला दाखवायचा पैसा मात्र पडत नाही, ते 1948 पासून तसंच. आत्याचा डॉक्टर कोपऱ्यावरच, पण शंभराच्या दोन नोटा मोजल्याशिवाय कंपाउंडर पुडी देत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2025 मध्ये 19 देशांतल्या लाखाहून जास्त पेशंटांचे, तेही पंचेचाळिशीपुढच्या, अनुभव मांडले. रिपोर्ट नव्हे, माणसालाच विचारलं, हे मला आवडलं. मीही आत्याला विचारलं, डॉक्टर ऐकून घेतो का गं? ‘‘छे! मी बसेपर्यंत त्याचं लिहून झालेलं असतं. पण हाताला गुण आहे हो त्याच्या.’’