विश्लेषण : शिवज्योतीची अनवाणी दौड पायांना का झेपत नाही?

शिवजयंतीच्या आदल्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरून प्रवास करणाऱ्यांना एक दृश्य हमखास दिसते. पुढे हातात पेटती मशाल घेऊन धावणारा तरुण, त्याच्या मागेपुढे घोषणा देणारे चार-सहा जण आणि मागे भगवा झेंडा लावलेला टेम्पो. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक मंडळे रायगडावरून ज्योत आणतात, काही पन्हाळ्यावरून आंबा घाटाने उतरतात. नवरात्रात राज्यभर देवीच्या ज्योती अशाच निघतात. धावणाऱ्यांपैकी अनेकांच्या पायात काही नसते. शर्यत म्हणून या दौडीकडे कुणी पाहत नाही, पण धावण्याच्या भाषेत ही सरळसरळ रिले आहे, तीही रात्रीची, घाटरस्त्याची आणि अनवाणी. सराव केलेला धावपटूसुद्धा या तिन्ही गोष्टी एका वेळी अंगावर घ्यायला कचरेल. ज्योत आणणाऱ्या कित्येकांचे मात्र वर्षभरातले तेच एक धावणे असते. दौड संपते, फोटो पडतात आणि पुढचे तीन आठवडे पाय सुजवून कोण घरी बसले याची नोंद कुठेच होत नाही.

एकेकाच्या वाट्याला धावणे येते तरी किती?

रायगडाच्या पायथ्यापासून महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबामार्गे रत्नागिरी शहर गाठायचे तर अंतर दीडशे किलोमीटरच्या वर जाते. हिशेबासाठी दीडशेच धरू. २५ जणांचा गट असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा किलोमीटर येतात. ताशी आठ किलोमीटर हा मशाल घेऊन धावण्याचा बरा वेग आहे. त्या वेगाने न थांबता गेले तरी जवळपास १९ तास लागतात.

सहा किलोमीटर हा आकडा ऐकून कुणी घाबरत नाही आणि इथेच गफलत होते, कारण ते सलग धावले जात नाहीत. उत्साहाच्या भरात एकेक जण चार-पाचशे मीटर जीव तोडून पळतो, ज्योत दुसऱ्याच्या हाती देतो आणि टेम्पोत चढतो. पाचशे मीटरचा टप्पा धरला तर दीडशे किलोमीटरमध्ये ३०० वेळा ज्योत हात बदलते आणि एकेकाला १२ वेळा टेम्पोतून उतरून नव्याने धावावे लागते. दोन पाळ्यांच्या मध्ये तो तास-दीड तास मांडी घालून, वाऱ्यात, घामेजल्या अंगाने बसलेला असतो. पोटऱ्या आखडतात. नाव पुकारले की उडी मारून थेट वेगात पळायचे. पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची जाड कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, यांच्यासाठी याहून वाईट वेळापत्रक शोधून सापडणार नाही. टप्पा दीड किलोमीटरचा केला की हेच काम १०० बदलांत भागते आणि प्रत्येकाच्या वाट्याला फक्त चार पाळ्या येतात. यासाठी पैसा लागत नाही, आदल्या दिवशी कागदावर यादी करावी लागते.

अनवाणी धावताना पायात काय बदलते?

जाड तळव्याचे बूट घातलेला माणूस बहुधा टाचेवर उतरतो. टाचेखालचा फोम पहिला धक्का पिऊन घेतो. अनवाणी माणसाने कठीण रस्त्यावर तसे केले तर धक्का थेट हाडात जातो, म्हणून शरीर पाऊल जवळ टाकते आणि चवड्यावर किंवा सपाट पायावर उतरू पाहते. हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हेच मांडले. लहानपणापासून अनवाणी धावणाऱ्यांत पुढच्या पायावर उतरण्याचे प्रमाण जास्त आणि त्यांचा सुरुवातीचा धक्का सौम्य, असा तो निष्कर्ष होता. तो सार्वत्रिक नियम मात्र नाही. उत्तर केनियातील दासानाच लोक आयुष्यभर अनवाणी असूनही संथ वेगात टाचेवर उतरतात, असे पुढे २०१३ मध्ये दिसले.

धक्का कमी झाला म्हणजे भार नाहीसा झाला असे होत नाही, तो टाच आणि गुडघ्याकडून पोटरी, अकिलीस आणि चवड्याच्या हाडांकडे सरकतो. पंजात २६ हाडे असतात. त्यातली बोटांमागची लांबट हाडे बारीक असतात. ६५ किलोच्या माणसाचे प्रत्येक पाऊल धावताना वजनाच्या दोन-अडीच पट जोराने पडते आणि एका किलोमीटरला एकेक पाय साधारण सहाशे वेळा आपटतो. सहा किलोमीटरला साडेतीन हजारांहून अधिक वेळा. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, कंडरा आणि हाड त्याहून सावकाश. म्हणून दम टिकतो, पाय टिकत नाही. पंजाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा तयार झाली तर ती हाडातली बारीक चीर असू शकते. नव्या सैनिकांमध्ये लांब संचलनानंतर अशी चीर आढळत असे, त्यावरून तिला मार्च फ्रॅक्चर हे नावही पडले. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘फोटो नॉर्मल आहे’ म्हणून माणूस पुन्हा पळतो आणि चीर वाढते.

मग बिकिला, सोमण कसे धावले?

अनवाणी म्हटले की इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे उदाहरण निघतेच. १९६० च्या रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन त्याने अनवाणी जिंकली. चार वर्षांनी टोकियोत त्याने पुन्हा सुवर्णपदक मिळवले, ते बूट घालून, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मिलिंद सोमण यांनी २०१७ मध्ये फ्लोरिडातील अल्ट्रामॅन स्पर्धा पूर्ण केली. तीन दिवसांच्या त्या स्पर्धेतील शेवटच्या दिवसाचे ८४ किलोमीटर ते अनवाणी धावले, पण त्यामागे कित्येक वर्षांची सवय होती. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या आणि ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत जिंकलेल्या लता भगवान करे यांनी पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून त्यात भाग घेतला होता. त्यांनी धावण्याचा सराव केला नव्हता हे खरे, पण शेतमजुरीत गेलेल्या आयुष्याने पाय घडवलेले होते. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी, तिचेही शाळेतले धावणे अनवाणीच होते.

रत्नागिरीतल्या कार्यालयात, दुकानात, कॉलेजात दिवसभर बूट-सँडल घालणाऱ्या तरुणाचे पाय यांपैकी कुणासारखेच नाहीत. त्याचा आजा सड्यावरून अनवाणी गुरे हाकत असेलही, पण तळव्याची ती जाडी वारशाने मिळत नाही.

पातळ तळव्याचे बूट हा मधला मार्ग आहे का?

काही अंशी. २००९ मध्ये क्रिस्टोफर मॅकडूगल यांचे ‘बॉर्न टू रन’ आले, मेक्सिकोतील ताराहुमारा लोक पातळ चपलांवर डोंगर कसे पळतात याची जगभर चर्चा झाली आणि पाच बोटांच्या मोज्यासारख्या दिसणाऱ्या ‘व्हायब्रम फाइव्हफिंगर्स’ बुटांवर उड्या पडल्या. पुढे त्या कंपनीच्या आरोग्यविषयक दाव्यांवर अमेरिकेत सामूहिक खटला झाला आणि २०१४ मध्ये तिने सुमारे ३७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड केली. त्याआधी, २०१३ मध्ये, अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी नियमित धावणाऱ्यांना दहा आठवड्यांत हळूहळू या बुटांवर आणून एमआरआय केले होते. हे बूट वापरणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. ही सवयीची, रोज धावणारी माणसे होती आणि त्यांना दहा आठवडे दिले होते. ज्योतवाल्याला एक रात्र मिळते.

यावरून पातळ तळवा वाईट असे ठरत नाही, घाई वाईट ठरते. महागड्या बुटांचीही गरज नाही. शाळेत पीटीच्या तासाला घालत ते पांढरे कॅनव्हासचे बूट सपाट आणि वाकणारे असतात, टाच उंच नसते. ‘मिनिमलिस्ट’ बुटांची अपेक्षा याहून फार वेगळी नाही. चपलेने ते काम होत नाही. कोल्हापुरी असो वा रबरी स्लिपर, मागे पट्टा नसल्याने ती पायात टिकवायला बोटे सतत आवळावी लागतात आणि घाटात उतारावर ती निसटते.

सराव कुठे आणि कसा?

याबाबतीत रत्नागिरीकर नशीबवान आहेत. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी मागे सरते तेव्हा ओली, घट्ट वाळू उघडी पडते. अनवाणी सुरुवात करायला तिच्यासारखी जागा नाही. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने पळत राहिले तर एक पाय कायम खाली पडतो. जितके जावे तितकेच परत यावे. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू मऊ दिसते म्हणून नवखे तिकडे जातात, पण तिथे टाच रुतते आणि पोटरीवर दुप्पट काम पडल्यासारखे होते.

१९ फेब्रुवारी गाठायची तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्याला सुरुवात व्हायला हवी. पहिले दोन आठवडे सवयीच्या बुटात एक दिवसाआड अर्धा तास, बोलता येईल इतक्याच वेगाने. त्याच्या शेवटी वाळूवर पाच मिनिटे अनवाणी. ही पाच मिनिटे दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी वाढवायची, त्याहून जास्त नाही. घरी पायरीच्या कडेला उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम रोज. चौथ्या आठवड्यापासून कॅनव्हासच्या बुटात डांबरी रस्त्यावर एक किलोमीटर, मग दीड. एकदा तरी हातात मशालीच्या वजनाची काठी उंच धरून धावून पाहावे. एक हात वर अडकला की खांदा आणि कंबर किती लवकर भरून येते ते आधीच कळते. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाच किंवा पंजा दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती.

इतके करूनही सहा-सात आठवड्यांत दीडशे किलोमीटरची अनवाणी रिले झेपेल असे पाय तयार होत नाहीत. तयार होतो तो पातळ बुटात निर्धास्त धावणारा आणि शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर अनवाणी जाऊ शकणारा माणूस. तिथीप्रमाणे, म्हणजे फाल्गुन वद्य तृतीयेला, जयंती करणाऱ्या मंडळांना सरावाला थोडे जास्त दिवस मिळतात, पण तोवर ऊन वाढलेले असते. दुपारच्या उन्हात डांबर हवेपेक्षा १५-२० अंशांनी सहज अधिक तापते. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी धावूच नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर फोड आलेला कळतही नाही. आणि पावसाळ्यात हा सराव बंद ठेवावा, जांभ्यावरचे शेवाळ एक कारण आणि कोकणात दरवर्षी डोके वर काढणारा लेप्टो दुसरे. पायाला कापले असताना चिखलपाण्यातून जाणे हीच त्याची वाट आहे.

ज्योत हातातून हातात कशी द्यावी?

२०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुष चौकडीने चार बाय चारशे मीटर रिलेच्या प्राथमिक फेरीत २ मिनिटे ५९.०५ सेकंदांची वेळ देऊन आशियाई विक्रम केला. चार बाय शंभर मीटरमध्ये घेणारा मागे न पाहता हात पसरतो. चारशेच्या रिलेत येणारा थकलेला असतो, म्हणून घेणारा मागे पाहत, त्याचा वेग जोखत निघतो. ज्योतीला ही दुसरी पद्धत लागू पडते. जपानमध्ये १९१७ पासून एकिदेन नावाच्या लांब पल्ल्याच्या रिले होतात. त्यात कापडी पट्टा एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि बदलाची ठिकाणे आधीच ठरलेली असतात. घेणारा तिथे अंग मोकळे करून उभा असतो, चालत्या गाडीतून उडी मारत नाही. जुन्या काळी पत्रे पोचवणारे जासूद आणि टपालाचे हरकारेही टप्प्याटप्प्यानेच धावत.

पेटती मशाल पट्ट्याइतकी सोपी नाही. घेणाऱ्याने वीस-तीस पावले शेजारून, वाऱ्याच्या वरच्या बाजूने धावावे, दांडा खालून पकडावा, ‘घेतली’ म्हणावे आणि मगच देणाऱ्याने सोडावी. तेलाचा कॅन माणसे बसलेल्या टेम्पोत ठेवायचा नाही, हे खरे तर सांगावे लागू नये.

अनवाणी हा श्रद्धेचा भाग आहे, त्याचे काय?

गडावर अनवाणी चढणे, देवीची ज्योत अनवाणी आणणे यामागची भावना वादाचा विषय नाही. मात्र संपूर्ण अंतर अनवाणीच हवे, हा आग्रह बहुतेक वेळा मित्रांच्या चढाओढीतून येतो. एकाने बूट घातले की त्याची थट्टा होते. गडावरचा पहिला टप्पा आणि गावातला शेवटचा, रत्नागिरीपुरते बोलायचे तर साळवी स्टॉप ते मारुती मंदिर, अनवाणी आणि मधला सगळा महामार्ग बुटात, असे मंडळानेच ठरवून जाहीर केले तर ही थट्टा थांबते. तो निर्णय एकट्या पोरावर सोडला तर तो अनवाणीच पळणार.

पायांपेक्षा मोठा धोका मागून येणाऱ्या गाडीचा आहे. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट रात्री अवजड वाहनांनी भरलेले असतात, वळणावर चालकाला मशाल दिसते, तिच्या शेजारी काळ्या टी-शर्टात धावणारे चौघे दिसत नाहीत. दौडीसाठी छापलेले टी-शर्ट अनेकदा गडद रंगाचे असतात, त्यावर मागे-पुढे नेत्यांचे फोटो असतात. चमकणारी पट्टी कुठेच नसते. रस्त्यावर काम करणारे मजूर घालतात तसली जाळीची परावर्तक जाकिटे एका वेळी रस्त्यावर असणाऱ्या सहा-आठ जणांपुरतीच लागतात, ज्योतीबरोबर तीही हातोहात बदलता येतात. टेम्पो धावणाऱ्यांच्या मागे, दिवे लुकलुकत ठेवून. गाणी लावायची तर घाट सोडून, कारण मागून वाजलेला हॉर्न ऐकू यायला हवा. मार्ग आणि वेळ पोलीस ठाण्यांना आधी कळवलेली असावी. घाटातल्या वळणांवर धावण्याऐवजी ज्योत टेम्पोतून पुढे न्यावी का, हे मंडळाच्या बैठकीत आधीच ठरायला हवे, रात्री दोन वाजता परशुराम घाटाच्या तोंडावर नाही.