अंगठा सरळ झाला. पाऊल कामास आले काय?

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आतील बाजूस येणारा उंचवटा, ज्यास आधुनिक वैद्यकात ‘बनियन’ म्हणतात, तो आपल्या चिकित्सालयात नवा नाही. ‘हाड वाढले’ असे रुग्ण सांगतो. वस्तुतः हाड वाढण्यापेक्षा सरकलेले अधिक असते. पावलाचे पहिले लांब हाड आतील बाजूस सरते व अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलतो. हा कल साधारणतः 15 अंशांपर्यंत प्राकृत मानला जातो. अशी विकृती लेपाने वा तैलाने सरळ होत नाही, हे वैद्याने रुग्णास स्पष्टपणे सांगावे. शूल व शोथ यांचे शमन मात्र अवश्य करावे.

शस्त्रकर्माचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या, फिनलंडमधील 209 रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात, एक वर्षानंतर शस्त्रकर्माचा परिणाम सर्वांत सरस ठरला. पादत्राणातील आधाराचा लाभ अल्पकाळच टिकला. प्रश्न आहे तो मूल्यमापनाचा. सुश्रुताचार्यांनी पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले. आपण मात्र क्ष-किरण चित्रातील कोन पाहून, म्हणजे केवळ प्रधानकर्मावर, यशापयश ठरवतो.

बीड जिल्ह्यात ही दृष्टी अपुरी पडते. कापलेले हाड सांधण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. सूज पूर्ण उतरण्यास कित्येक महिने. उचल घेतलेल्या ऊसतोड कुटुंबातील स्त्रीवर भाद्रपदात शस्त्रकर्म केल्यास दिवाळीच्या सुमारास ती फडात मोळ्या वाहणार. मग पश्चात्कर्म कोठे उरले? हंगाम संपवून ती गावी परतल्यावर, चैत्र-वैशाखात, हे शस्त्रकर्म योजणे हाच विवेक होय.

याच जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी 2019 साली राज्य शासनास चौकशी समिती नेमावी लागली. पूर्वकर्मातील विचार सुटला म्हणजे काय घडते, हे आपण विसरू नये. वेदना नसता केवळ रूपासाठी हाड कापण्याचा सल्ला कोणी देऊ नये.

म्हणून सुचवावेसे वाटते की, अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठविण्यापूर्वी, तसेच शस्त्रकर्मानंतर सहा महिन्यांनी व वर्षाने, प्रत्येक वैद्याने रुग्णपत्रिकेत तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवावीत: वेदना किती? नेहमीची चप्पल घालता येते काय? दिवसभराचे काम होते काय? या उत्तरांवाचून अंशांचा हिशेब अपुराच राहील.