गोळीसोबत माहितीही द्या, आम्हाला कळेल अशा भाषेत

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
तेलंगणा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, हैदराबाद



मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडळातला शेतकरी. धाकट्या भावाला बरीच वर्षं मानसिक आजार आहे. त्याची औषधं, दवाखान्याच्या खेपा, रात्रीची जागरणं मीच बघतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. रुग्णाला साखळीने बांधायला त्याने बंदी घातली, रुग्णाला हक्क दिले. त्यातलं आमच्या दारापर्यंत काय पोचलं, ते सांगायला हे पत्र.

भावाला लिथियमची गोळी सुरू झाली तेव्हा हातात इंग्रजी चिठ्ठी पडली. सकाळी एक, रात्री एक, हे बोटांनी दाखवलं गेलं. या गोळीचं रक्तातलं प्रमाण अधूनमधून तपासावं लागतं, पाणी भरपूर प्यावं लागतं, जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नसतं, हे कुणी सांगितलं नाही. मे महिन्यात आमच्याकडे ऊन भाजून काढतं आणि मशागतीची कामं तर थांबत नाहीत. त्याच दिवसांत त्याला जुलाब लागले, हात थरथरू लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला. आईला वाटलं ऊन लागलं, शेजारी म्हणाले बाहेरचं आहे. कांद्याचा रस लावून झाला, लिंबू उतरवून झालं. दवाखान्यात नेल्यावर कळलं की रक्तातलं लिथियम वाढलं होतं. आधी कुणी चार वाक्यं समजावली असती, तर पहिल्या जुलाबालाच आम्ही त्याला उचलून नेलं असतं.

डॉक्टरांवर माझा राग नाही. बाहेर रांग लागलेली असते, बोलणं तेलुगूत चालतं आणि माझ्या आईला मराठीशिवाय काही कळत नाही. पैनगंगेच्या या काठावर मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उटनूर, इंद्रवेल्लीकडे गोंडी आणि कोलामी बोलणारे आहेत. कायद्याचं कलम 22 सांगतं की आजार, उपचार आणि औषधाचे दुष्परिणाम यांची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. हे होण्यासारखं आहे, हे सरकारनेच दाखवून दिलंय. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा 14416 या क्रमांकावर 20 भाषांत बोलते. फोनवर जमतं, ते औषधाच्या खिडकीवर का जमू नये?

दुसरी गोष्ट गोळ्यांची. कलम 18 म्हणतं, यादीतली आवश्यक औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सदासर्वकाळ फुकट मिळाली पाहिजेत आणि उपचारासाठी कुणाला लांब जावं लागू नये. प्रत्यक्षात 'स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या' हे आम्हाला पाठ झालंय. एका खेपेला दोघांची मजुरी बुडते. गोळ्या तुटल्या की भावाची झोप जाते, आणि झोप गेली की पुढचं आम्हाला ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट बोलायला जड जाते. हा कापसाचा मुलूख आहे. फवारणीचं औषध घराघरात असतं. कुणी ते प्यालं की घरचे पोलिसांच्या धाकाने सांगतात, 'फवारताना नाकातोंडात गेलं.' जीव वाचतो, पण मनाचं दुखणं कुणी विचारत नाही. कलम 115 अशा माणसाला गुन्हेगार न धरता तीव्र ताणाखाली असलेला मानतं आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतं. हे गावोगावी चावडीवर सांगितलं गेलं, तर माणसं खरं बोलतील आणि त्यांना उपचार मिळतील.

म्हणून आमच्या मागण्या मांडतो. मानसिक आजाराच्या प्रत्येक औषधासोबत मराठी, गोंडी व कोलामीत माहितीपत्रक द्या, वाचता न येणाऱ्यांसाठी त्यात चित्रं घाला. जुन्या रुग्णांना सामुदायिक आरोग्य केंद्रातच महिन्याच्या गोळ्या द्या आणि लिथियमची रक्ततपासणी जिल्ह्यात करून द्या. रुग्ण साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो, हे कलम 14 प्रत्येक दवाखान्यात पाटीवर लिहा. आणि आपल्या प्राधिकरणावर रुग्ण व त्यांची काळजी घेणारे यांच्यासाठी ज्या जागा कायद्याने ठेवल्या आहेत, त्यांतली एक आमच्यासारख्या सीमेवरच्या जिल्ह्याला द्या.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. आहे तो कायदाच आम्ही मागतो आहोत. निदान माहितीपत्रकं तरी येत्या उन्हाळ्याच्या आत आदिलाबादच्या दवाखान्यांत पोचवा, कारण लिथियम घेऊन उन्हात राबणारा माझा भाऊ या जिल्ह्यात एकटा नाही.

आपला,
बेला मंडळातील एका रुग्णाचा भाऊ